आधी रूळ, मग वेग!

मित्रांनो, सेमिनारचे दिवस आले की आपल्याकडे एक विषय हमखास असतो, मॅग्लेव्ह! पहिल्या स्लाईडवर जपानी गाडी, खाली '21 एप्रिल 2015, ताशी 603 किलोमीटर'. टाळ्या, चहा, संपलं! मीही हेच केलं.

पण गेल्या दिवाळीत नाशिकला घरी जाताना आमची गाडी मनमाडच्या अलीकडे एका छोट्या स्टेशनवर चाळीस मिनिटं क्रॉसिंगला उभी राहिली, आणि माझाच सेमिनार मला नव्याने कळला. इंजिन ठणठणीत होतं हो, लाईन एकेरी होती!

त्या जपानी गाडीत काय असतं? नायोबियम-टायटॅनियमच्या कॉईल, उणे 269 अंशांच्या द्रव हेलियममध्ये. रोध शून्य, म्हणून एकदा सोडलेला करंट फिरतच राहतो. बाकी सगळी करामत मार्गाची! मशीन्स लॅबमधली थ्री-फेज मोटर आठवा. तिचा स्टेटर कापून सरळ अंथरला की झाली लिनिअर मोटर. म्हणजे जेवढा मार्ग, तेवढी मोटर! गाडी उचलणाऱ्या कॉईलही मार्गाच्या भिंतींत. त्यांत करंट उपजतो तो गाडीला वेग आल्यावर. ताशी 150 च्या आसपास पोचेपर्यंत गाडी चक्क रबरी चाकांवर पळते, मग दहा सेंटिमीटर वर!

त्यामुळे खर्च मार्गाचा आणि भांडणंही मार्गाचीच. टोकियो-नागोया मॅग्लेव्ह 2027 ला धावायची होती. बोगद्यामुळे ओई नदीचं पाणी घटेल, यावर शिझुओकात घोडं अडलं आणि मुदत हुकली. पाण्याचं दुखणं मराठवाड्याला काय सांगायचं?

आपल्याकडे 2018 मध्ये मुंबई-पुणे 25 मिनिटांत नेणाऱ्या हायपरलूपचा केवढा गाजावाजा झाला! 2023 अखेर हायपरलूप वन कंपनीच गुंडाळली गेली. इथे एक मीटरही मार्ग झाला नाही.

मी मॅग्लेव्हला नावं ठेवत नाही, त्यातलं विज्ञान अस्सल आहे. पण वेग गाडीत असतो हा आपला गैरसमज. तो मार्गात असतो. अंकाई ते छत्रपती संभाजीनगर, सुमारे 98 किलोमीटरचं दुहेरीकरण मंजूर आहे. पूल, भराव, सिग्नल, ओव्हरहेड वायर... सिव्हिलपासून इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत सगळ्यांचा अभ्यास त्यात आहे. त्यावर सेमिनार किती झाले? माझ्या वर्गात तरी एकही नाही!

तेव्हा मॅग्लेव्ह जरूर घ्या, पण पहिली स्लाईड रुळाची टाका. आणि सर, एक मीटरचा का होईना, सरळ स्टेटर आम्हाला लॅबमध्ये गुंडाळू द्या. बघा, पटतंय का!