किल्ला येतो ना? मग गोठाही येईल!

डिसेंबर लागला की वाशी-सीवूड्सचे मॉल एकदम ‘मेरी ख्रिसमस’ होऊन जातात. कापसाचा बर्फ, उंचच उंच ट्री आणि त्यापुढे फोटोसाठी रांग! गेल्या वर्षी मीही भुलले. एक छोटं रेडिमेड ट्री उचललं आणि नेरूळच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर आणून ऐटीत रूममेटसमोर ठेवलं. ती वसईची. “छान आहे,” म्हणाली आणि आत निघून गेली.

मग कळलं, ऐरोलीच्या ऑफिसात तिला २४ आणि २५, दोन्ही दिवस नाइट शिफ्ट लागली होती. नाताळ आणि घरी नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच.

“ट्री काय गं, कुठेही मिळतं,” रात्री चहा पिताना ती म्हणाली. “आमच्याकडे नाताळ म्हणजे गोठा. पप्पा, मी, भाऊ... आठवडाभर हात मातीत!”

गोठा म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी गव्हाणी, बैल आणि गाढव आणून तो मांडला. ती प्रथा मग जगभर पसरली. वसईतून पोर्तुगीज १७३९ मध्ये गेले. ‘नाताळ’ हा त्यांचा शब्द मात्र मराठीत कायमचा राहिला.

ती वर्णन करत होती. चुरगाळलेल्या कागदाचे डोंगर, पेंढ्याचं छप्पर, मेंढपाळ, पेरून उगवलेलं हिरवंगार गवत... मी ओरडलेच, “अगं, हा तर आपला किल्ला!” साताऱ्यात दर दिवाळीला मी हेच तर केलंय. आळीव पेरायचे, मावळे उभे करायचे. आणि चांदणी म्हणजे आकाशकंदीलच की! मंडळी, म्हणजे नाताळची सजावट आपल्याला आधीपासूनच येते. फक्त आठवायची.

गवत : हे सगळ्यात आधी करा, कारण याला घाई चालत नाही. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवा, पसरट ताटलीत मातीच्या पातळ थरावर पसरा, रोज पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांत गालिचा तयार. उशीर झालाय? ओल्या कापसावर आळीव भुरभुरवा, चार-पाच दिवसांत हिरवळ. फक्त आळीव आधी भिजवू नका, नुसता चिकट गोळा होतो!

गोठा : बुटांचा खोका आडवा ठेवा. खाकी कागद चुरगाळून, पोस्टर कलर मारून मागे डोंगर करा. पेंढा फळवाल्याकडे मागा, आमच्या स्टेशनबाहेरच्या भय्याने पेटीतला पिशवीभर दिला, वर “किसलिए?” असं तीनदा विचारलं. मूर्ती नसतील तर शाडूच्या करा आणि दोन दिवस सावलीत वाळवा.

चांदणी : दीड फुटाच्या दहा कामट्या घ्या. पाच-पाच बांधून दोन पंचकोनी चांदण्या करा, एकीवर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने बांधा. आता मधे जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, तिथे चार-चार इंचांचे पाच तुकडे उभे अडकवा, चांदणी फुगते. पतंगाचा कागद खळीने चिकटवा, बल्बसाठी एक फट ठेवा. बल्ब एलईडीच हवा, तापणारा नको. आणि मेणबत्ती कागदापासून चार हात लांब!

आमची चांदणी किंचित वाकडी झाली. बाल्कनीत टांगल्यावर समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी विचारलं, “दिवाळीचा कंदील काढायचा राहिला का?”

मूर्ती मात्र तिच्या घरच्याच आल्या. भाऊ दादरला येऊन डबा देऊन गेला. जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या मूर्ती आणि वर काकूंच्या करंज्या. बाळ येशूची मूर्ती वेगळी बांधलेली होती. ती आधी ठेवायची नसते. २४ च्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणी रिकामीच असते. त्यांच्या घरी ती ठेवण्याचा मान शेंडेफळाचा, म्हणजे हिचा.

२४ ला कॅबमध्ये बसताना तिने ती पुडी माझ्या हातात दिली. “बारा वाजता तू ठेव.”

बाराला फोन वाजला. ब्रेक घेऊन ती बाहेर आली होती.

“ठेवलंस?”

“ठेवलं.”

“फोटो पाठवू?” मी विचारलं.

“नको. उजेड कसा पडलाय ते सांग.”

मी सांगितलं. चांदणीचा लाल उजेड गवताच्या टोकांवर येतोय, बाळाच्या पायापर्यंत पोचतोय, बैलावर सावली आहे. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग नाक ओढल्याचा आवाज आणि, “बरं. ब्रेक संपला.”

ते रेडिमेड ट्री? माळ्यावर आहे, खोक्यासकट. या वर्षी तिला सुट्टी मिळालीये आणि काकूंनी मलाही वसईला बोलावलंय. पण फ्लॅटवरचा गोठा होणारच, असं आमचं ठरलंय.

नाचणी आज रात्रीच भिजत घालतेय. तुम्ही?