लग्नाला परवानगी कुणाच्या बापाची?



दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी लग्न करायची मागणी म्हणजे शहरातल्या उच्चभ्रूंची टूम, असं केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लेखी कळवलं. म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले. त्याच साली अमेरिकेच्या प्यू रिसर्च सेंटरची पाहणी छापून आली. भारतातल्या 53 टक्के प्रौढांनी अशा लग्नाला कायद्याची मान्यता असावी असं सांगितलं. हे 53 टक्के काय सगळे मलबार हिलवर राहतात?

मी अंबरनाथला राहतो. उल्हासनगरच्या कॅम्पात जीन्स शिवणारे, अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे, सकाळच्या लोकलला लोंबकळणारे, ही माझी माणसं. यातली सगळी ह्या लग्नाच्या बाजूची नाहीत. पण जी आहेत ती चोचले म्हणून नाहीत. त्यांची कारणं वेगळी आहेत, आणि ती सरकारला ऐकू जात नाहीत म्हणून लिहितोय.

पहिलं कारण. लग्नाला परवानगी कुणाची लागते, हे आपल्याला रक्त सांडून माहीत झालंय. सोनई, 2013. खर्डा, 2014. खर्ड्याचं पोरगं 17 वर्षांचं. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो म्हणून मारून झाडाला टांगलं. 2017 साली जिल्हा न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. जात जिवंत राहते ती लग्नाच्या दारावर पहारा ठेवून. म्हणून तर 1936 साली, लाहोरात करू न दिलेल्या भाषणात, बाबासाहेबांनी जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच सांगितला. कुणी कुणाशी संसार करायचा हे जमात ठरवणार नाही, ज्याचं त्यानं ठरवायचं. हे एकदा मानलं, तर ते बाई-पुरुषापाशीच येऊन का अडावं?

1954 च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस आहे. विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत ती सगळ्यांना दिसेल अशी लावतात. जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरापोरीला ते तीस दिवस कसे जातात, ते विचारा. 2023 च्या खटल्यातल्या काही अर्जदारांनी ह्या नोटिशीलाही आव्हान दिलं होतं. ते आपलीही लढाई लढत होते. आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होतं?

दुसरं कारण कागदाचं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून टाकलं, त्या छावणीचं 1949 साली उल्हासनगर झालं. कागद नसलेल्या माणसाला किती किंमत असते, हे ह्या पट्ट्याला कुणी शिकवायला नको.

आमच्या चाळीत दोघीजणी बारा वर्षं एका खोलीत राहतात. एकीचा हात मशीनमध्ये गेला. दवाखान्यात दुसरीला विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? ती गप्प. शेजारची म्हातारी पुढं झाली. म्हणाली, "तिच्या घरची हीच हाय. टायफॉइडात हिनंच तिला उठवली. भाऊ कवा फिरकला न्हाई." म्हातारीनं कुठलं पुस्तक वाचलेलं नाही. तिचा कायदा सरळ आहे: जो करतो तो घरचा.

आता सरकारचा कायदा बघा. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा-बायको, पोरं, अवलंबून असलेले आईबाप होते. कामावरच्या अपघाताची भरपाई देणाऱ्या, 2025 पर्यंतच लागू असलेल्या 1923 च्या कायद्यात अवलंबितांची यादी होती. त्या यादीत ही दुसरी बाई कुठंच नव्हती. उद्या मशीनखाली जीव गेला, तर जिनं बारा वर्षं भाकरी केली तिच्या हातात शून्य.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या खात्यांनी पत्रं काढली: अशा जोडीदारांना रेशनकार्डावर एकाच घरातले धरा, बँकेत जोडखातं उघडू द्या. चांगलं झालं. पण पत्र ही मेहेरबानी, कायदा हा हक्क. मेहेरबानीवर आपल्या किती पिढ्या जगल्या, ते आठवा.

आता आपल्याच काही साथींना विचारतो. तुम्ही म्हणता, आधी जात संपू दे, मग हे बघू. 1934 साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकाबद्दल अश्लीलतेचा खटला चालला. गुन्हा काय? वाचकांनी हस्तमैथुनावर, समलिंगी संबंधांवर प्रश्न विचारले आणि कर्व्यांनी सरळ उत्तरं दिली. त्यांच्या बाजूनं मुंबई हायकोर्टात कोण उभं राहिलं? बॅरिस्टर आंबेडकर. पुणे कराराला दोनच वर्षं झाली होती. नाशिकला काळारामाचं दार अजून बंदच होतं. बाबासाहेबांना कामं कमी होती काय? तरी ते आधी जात, मग हे, असं म्हणाले नाहीत. खटला हरले. पण उभे राहिले.

आणि कुटुंब बुडेल ही बोंब? ती जुनी आहे. हिंदू कोड बिलाच्या वेळी धर्ममार्तंडांनी हीच ठोकली. बिल अडवलं, बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडलं. पुढं 1955 साली हिंदू विवाह कायदा आला, बाईला घटस्फोट मागता आला. कुटुंब बुडालं नाही. बाईवरची सक्ती थोडी ढिली झाली. 2023 साली सरकारी प्रतिज्ञापत्रात पुन्हा तेच भारतीय कुटुंब पुढं केलं.

17 ऑक्टोबर 2023 ला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा. जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले. ठीक. मग संसदेलाच विचारू. संसद आपल्या मतांवर उभी आहे. उल्हासनगर-अंबरनाथला कल्याणचा खासदार आहे, बदलापूरला भिवंडीचा. मत मागायला ते आपल्याच चाळीत येतात. तेव्हा गटार आणि पाण्याच्या प्रश्नासोबत हाही प्रश्न टाका: ह्या दोघी एकमेकींच्या कोण, ते कायद्यात कधी लिहिणार?

त्यांनी उच्चभ्रू म्हटलं, तर त्यांना आपल्या खोल्या दाखवा.

जय भीम!