ट्यूनर खोटं का बोलतो?

गेल्या शनिवारी नरपडच्या किनाऱ्यावर गिटार काढली, तर मीच लिहिलेला ट्यूनर जाड 'ई' तारेला चक्क 'एफ' म्हणायला लागला. मित्रांनी खापर लाटांवर फोडलं. पण चूक माझीच हो! सेकंदाला ४४,१०० सॅम्पल आणि ४,०९६ चा एफएफटी घेतला, की शेजारच्या दोन खान्यांत १०.८ हर्ट्झचं अंतर पडतं. ई (८२.४) आणि एफ (८७.३) यांच्यात मात्र जेमतेम पाच!

एफएफटी मोठा करत बसणं मला पटत नाही, काटा सुस्तावतो. त्यापेक्षा लहर तिच्याशीच ताडून पाहावी, म्हणजेच ऑटोकोरिलेशन. ईचं एक आवर्तन ५३५ सॅम्पलचं. एका सॅम्पलची चूक झाली, तरी अर्ध्या स्वराच्या तीनच टक्के.

आणि तार छेडल्यावर क्षणभर थांबा. सुरुवातीला सूर किंचित चढाच असतो. तंबोरा जुळवणारे कानाने ओळखतात. आपल्याला डीबगर लागतो!