अंगणातले पहिले झाड
घर बांधून झाले की अंगणात हापूसचे कलम लावायची घाई होते. हौस समजण्यासारखी आहे. पण मोहरावर तुडतुडे आले की फवारण्या, आणि एका वर्षी लगडलेले झाड पुढच्या वर्षी रिकामे. एवढे सांभाळायला सवड नसेल तर पहिला मान सीताफळाला द्यावा. हलकी, मुरमाड जमीन त्याला चालते. उन्हाळ्यात पाने गाळून ते विश्रांती घेते, त्यामुळे ऐन टंचाईत फार पाणी मागत नाही, आणि त्याच्या पाल्याला शेळ्यासुद्धा सहसा तोंड लावत नाहीत. बियांपासून वाढवले तरी तीन-चार वर्षांत फळ धरते. पिठ्या ढेकूण तेवढा येतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की फांद्यांच्या बेचक्यात पाहावे. कापसासारखा पांढरा थर असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. जागा मोठी असेल तर कालीपत्ती चिकू लावावा. त्याचे कलम बहुधा खिरणीच्या खुंटावर असते, म्हणून जोडाखाली फुटलेले धुमारे लगेच काढावेत, नाहीतर खिरणीच माजते. आवळा काटक खरा, पण शेजारी दुसऱ्या जातीचा आवळा असेल तरच चांगला धरतो. पेरूला पावसाळ्यात फळमाशी फार छळते, म्हणून तो मी सुचवत नाही. मे महिन्यात दोन फुटी खड्डा खणून उन्हात तापू द्या, शेणखत-मातीने भरा, दोन-तीन चांगले पाऊस झाले की रोप लावा, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नका.