खलाशाच्या मनालाही बंदर हवे

नोव्हेंबर २०२३ मध्ये हुती बंडखोरांनी लाल समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले. त्यावरचे २५ खलाशी सुटले ते थेट जानेवारी २०२५ मध्ये. त्याआधी करोनाकाळात जगभरातील सुमारे ४ लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवरच अडकून पडले होते. मालाच्या खोळंब्याची चर्चा झाली. माणसांची घालमेल मागे राहिली.

चार तास पहारा, आठ तास विश्रांती. त्यातच जेवण, कपडे धुणे, झोप. पायाखाली इंजिनाची थरथर अहोरात्र. घरी आई आजारी असो वा लेकीचे बारसे, केबिनच्या खिडकीतून दिसते ते फक्त पाणी. मन खचले म्हणून सांगावे, तर पुढचे कंत्राट हातचे जाण्याची धास्ती. रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातल्या अनेक घरांना हे मौन ओळखीचे आहे.

आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारातील नव्या दुरुस्त्या डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या. जहाजावर शक्य तिथे इंटरनेटची सोय देणे त्यांत अपेक्षित आहे. हे पाऊल स्वागतार्ह, पण पुरेसे नाही. कंपन्यांनी करार संपताच बदली माणूस पाठवावा. मुंबईतील नौवहन महासंचालनालयाने खलाशाला त्याच्या भाषेत, नाव गुप्त ठेवून समुपदेशन मिळेल याची हमी घ्यावी. मदत मागणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहिली, तरच तो बोलेल. आपला संसार ज्यांच्या खेपांवर चालतो, त्यांचे एवढे देणे आपण लागतोच.