आमदारांच्या कार्य अहवालात कायदा कुठे?

विधिमंडळाचे अधिवेशन संपले, सण जवळ आले किंवा निवडणुकीची चाहूल लागली, की शहरी मतदारसंघांतील घराघरांत एक गुळगुळीत पुस्तिका येऊन पडते. मुखपृष्ठावर आमदारांचे हसरे छायाचित्र, त्याच्या वर पक्षनेत्यांची रांग आणि आत कामांची जंत्री. अमुक रस्त्याचे काँक्रिटीकरण, तमुक उद्यानात खुली व्यायामशाळा, नेत्रतपासणी शिबिर, वह्यावाटप, ज्येष्ठांसाठी सहल. २०२२ पासून वर्षाला ५ कोटी रुपयांवर गेलेल्या आमदार निधीचा हिशेब त्यात बहुधा असतो. नसते ते एकच. ज्या सभागृहात बसण्यासाठी मतदारांनी या प्रतिनिधीला निवडून दिले, तेथे कोणते कायदे झाले, त्यांवर त्याने काय मत मांडले आणि त्या कायद्यांचे पुढे काय झाले, याचा साधा उल्लेखही या पानांत सापडत नाही.

हे मौन निरुपद्रवी नाही. ही पुस्तिका ज्याच्या दारात पडते तो गृहस्थ कुणाचा तरी ग्राहक असतो आणि बहुधा कुणाकडे तरी नोकरीला असतो. त्याने कर्ज काढून बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेतलेले असते, पतसंस्थेत ठेव ठेवलेली असते, त्याचा मुलगा मॉलमधल्या दुकानात दहा-दहा तास उभा असतो. गटारावरचे झाकण त्याच्या रोजच्या नजरेस पडते हे खरे. पण त्याच्या आयुष्यातील मोठ्या रकमा आणि मोठे धोके कायद्यांच्या कलमांत दडलेले असतात.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाला ही परंपरा परकी आहे असेही नाही. सदनिका खरेदीदारांसाठी मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, ज्याला सर्वजण 'मोफा' म्हणून ओळखतात, तो या राज्याने १९६३ सालीच केला. माथाडी आणि हमालांसाठी १९६९ चा कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली संघटना होती. पुढे १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी आणि २००८ मध्ये घरकामगारांच्या कल्याण मंडळासाठी कायदे झाले. रोजगार हमीची कल्पना तर विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. तिचा राज्यात १९७७ साली कायदा झाला आणि २००५ मध्ये केंद्राला त्याच वाटेने जावे लागले. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदाही राज्याचाच. उच्च न्यायालयाने एकदा रद्दबातल ठरवूनही तो पुढे सर्वोच्च न्यायालयात टिकला, आणि २०१३ मध्ये उघड झालेल्या 'एनएसईएल' प्रकरणात मालमत्ता जप्तीसाठी तोच हत्यार ठरला. या कायद्यांची भाषा रुक्ष असेल, त्यांची अंमलबजावणीही निर्दोष नव्हती. पण आमदार म्हणून घेणाऱ्याला मतदारांपुढे ठेवण्याजोगे काहीतरी त्यांत होते.

गेल्या दशकात चित्र पालटले. ग्राहक आणि कामगार या दोन्ही क्षेत्रांत कायद्याची लेखणी मोठ्या प्रमाणावर दिल्लीच्या हाती गेली. गृहनिर्माणाचे उदाहरण बोलके आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आपला स्वतंत्र गृहनिर्माण नियमन कायदा संमत केला, २०१४ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. परंतु २०१६ मध्ये संसदेने स्थावर संपदा कायदा केला आणि त्याच्या ९२ व्या कलमाने राज्याचा कायदा एका ओळीत निरसित केला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि २९ केंद्रीय कामगार कायदे त्यांत विलीन झाले. 'कायदे दिल्लीत होतात, आम्ही काय करणार,' हा आमदारांचा युक्तिवाद त्यामुळे वरवर पाहता पटण्यासारखा वाटतो.

तो पुरता खरा मात्र नाही. दिल्लीने कायदा केला तरी त्याचे नियम, नियुक्त्या आणि वसुली राज्याकडेच राहते, आणि सामान्य माणसाचे घोडे नेमके तेथेच अडते.

ग्राहक आयोगांचेच पाहू. नव्या कायद्याने ग्राहकाला राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी तक्रार नोंदवण्याची मुभा दिली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगापुढे चालतात, १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' संकेतस्थळही सुरू झाले. वस्तूची चाचणी लागत नसेल तर तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. परंतु आयोगावर अध्यक्ष किंवा सदस्यच नसेल, तर संकेतस्थळावर तक्रार चढवूनही तारखेशिवाय हाती काही पडत नाही. या नियुक्त्या राज्य शासन करते. त्यांच्या निवडीचे केंद्राचे २०२० चे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सप्टेंबर २०२१ मध्ये अंशतः रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला आणि लेखी परीक्षा घेऊन निवड करण्यास सांगितले. महाराष्ट्रातूनच उभ्या राहिलेल्या या लढाईची दखल किती कार्य अहवालांनी घेतली? आपल्या जिल्ह्याच्या आयोगात किती पदे भरलेली आहेत, हा प्रश्न कोणताही आमदार तारांकित प्रश्न म्हणून विचारू शकतो आणि मंत्र्यांना त्याचे उत्तर द्यावे लागते. त्यासाठी निधी लागत नाही.

घर घेणाऱ्यांची कथा याहून क्लेशदायक आहे. ताबा लांबला, पैसे परत हवेत, म्हणून ग्राहक महारेराकडे जातो. सुनावणी होते, व्याजासह रक्कम परत करण्याचा आदेश निघतो, पेढे वाटले जातात. विकासक पैसे देत नाही. मग स्थावर संपदा कायद्याच्या ४० व्या कलमानुसार ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची असते. म्हणजे महारेरा वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते, तेथून तो तहसीलदाराकडे जातो आणि निवडणूक, पंचनामे, शिष्टाचार यांच्या गर्दीत आपली पाळी येण्याची वाट पाहतो. जिल्हाधिकारी आणि तहसीलदार ही राज्याची यंत्रणा आहे. मतदारसंघातील किती कुटुंबांचे दाखले तहसील कार्यालयात पडून आहेत, किती मालमत्तांवर जप्ती आली, किती लिलाव झाले, ही आकडेवारी आमदाराने मिळवून छापली, तर त्या पुस्तिकेचे ते एकच पान लोक कापून ठेवतील.

प्रत्यक्षात काय होते, तर हतबल खरेदीदार आमदारांच्या संपर्क कार्यालयात येतात, आमदार विकासकाला दूरध्वनी करतात, 'बघून घ्या जरा' असे सांगतात आणि क्वचित एखाद्याचे काम होऊनही जाते. त्या एकाचे भले झाले यात शंका नाही. परंतु हक्काचे रूपांतर उपकारात होते आणि ज्याची कार्यालयापर्यंत ओळख नाही, तो रांगेत मागेच राहतो. राजकीय गणित पाहिले तर हा सौदा आमदाराच्या सोयीचा आहे, कारण वसुलीची यंत्रणा सुधारली तर आभाराचा फलक कुणी लावत नाही.

सभागृहातील घोषणा आणि कायदा यांतील अंतराचा अनुभवही महाराष्ट्राने घेतलेला आहे. जुलै २०१८ मध्ये नागपूरच्या पावसाळी अधिवेशनात तत्कालीन अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास बंदी नसल्याचे सांगितले आणि अडवणूक करणाऱ्यांवर कारवाईचे आश्वासन दिले. एकाच वस्तूच्या दोन किमती १ ऑगस्टपासून चालणार नाहीत, असेही त्यांनी जाहीर केले. शहरी मध्यमवर्ग खूश झाला. अनेकांनी श्रेय घेतले. पुढच्याच महिन्यात राज्य शासनाने उच्च न्यायालयात मात्र बाहेरचे पदार्थ नेऊ दिल्यास सुरक्षेचा प्रश्न निर्माण होऊ शकतो, अशी भूमिका मांडली. जानेवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे पदार्थ आणू न देण्याचा चित्रपटगृहाच्या मालकाचा अधिकार मान्य केला. पिण्याचे पाणी मोफत मिळावे आणि लहान बाळाच्या खाण्याला अडवू नये, एवढे ग्राहकाच्या पदरी राहिले. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचे काय झाले हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तिच्या कामाचे वृत्तही मतदारांपर्यंत जवळजवळ पोचत नाही.

कामगारांच्या बाबतीत मौन अधिक गडद होते, कारण तेथे दुखावण्याची भीती दोन्ही बाजूंनी असते. मालक देणगीदार असतो, कामगार मतदार. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये ॲपवरून घरपोच सेवा देणाऱ्या व गाड्या चालवणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदे करून कंपन्यांकडून कल्याण शुल्क घेण्याची तरतूद केली. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान द्यावे, मात्र ते या कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावे, असे म्हटले आहे. महाराष्ट्राने शेजाऱ्यासारखा स्वतंत्र रस्ता धरावा की केंद्राच्या संहितेवर थांबावे, याविषयी पुणे, ठाणे किंवा मुंबई उपनगरातील आमदाराला निश्चित मत असायला हवे. रात्री अकराला जेवण घेऊन येणारा मुलगा त्याच्याच मतदारसंघातून दुचाकी हाकत असतो.

यापेक्षाही ताजा आणि थेट प्रश्न कामाच्या तासांचा आहे. १९४८ चा जुना कायदा बदलून राज्याने १९ डिसेंबर २०१७ पासून दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा लागू केला. तेव्हाच त्याची व्याप्ती १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती केली गेली. त्याहून लहानांनी केवळ ऑनलाइन सूचना द्यायची. ३ सप्टेंबर २०२५ रोजी मंत्रिमंडळाने या कायद्यात आणखी बदलांना मान्यता दिली. मर्यादा १० वरून २० कामगारांवर, दिवसाचे कामाचे तास ९ वरून १० वर, तीन महिन्यांतील अतिकालिक कामाची कमाल मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर. कारखान्यांसाठी दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याचा निर्णयही त्याच बैठकीत झाला. जादा कामाला दुप्पट दर कायम आहे आणि गुंतवणूक यावी म्हणून हे आवश्यक आहे, असे शासनाचे म्हणणे. उद्योगांची बाजूही पूर्णतः टाकाऊ नाही. मागणीच्या हंगामात लवचीकता त्यांना हवी असते, आणि ज्याला जादा पैसे हवे आहेत असा कामगारही असतो.

तथापि तासांच्या वादात २० च्या आकड्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. शहरातील मध्यम आकाराची उपाहारगृहे, कापडाची दुकाने, खासगी दवाखाने, सौंदर्य प्रसाधनगृहे, शिकवणी वर्ग यांतील मोठा हिस्सा नेमका १० ते १९ कामगारांच्या पट्ट्यात मोडतो. कामाचे तास, साप्ताहिक सुटी, नैमित्तिक रजा, अतिकालिक भत्ता यांचे जे कवच या कामगारांना २०१७ च्या कायद्याने होते, ते दुरुस्तीनंतर त्यांच्यापासून दूर सरकते. किमान वेतनाचा हक्क आस्थापनेच्या आकारावर अवलंबून नाही, हे खरे. पण वेतन किती आणि किती तासांसाठी, हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

कारखान्यांच्या बाबतीत तर गुंता आणखी वाढला. १२ तासांचा निर्णय ज्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाशी निगडित होता, तो अधिनियमच तीन महिन्यांच्या आत व्यावसायिक सुरक्षितता संहितेत विलीन झाला, आणि त्या संहितेत दिवसाच्या कामाची मर्यादा आठ तासांची आहे. विश्रांतीसह कामाचा एकूण कालावधी किती असावा आणि अतिकालिक कामाची मर्यादा काय, हे ठरवण्याचे अधिकार संहितेने संबंधित शासनाला दिले. बहुतेक खासगी कारखान्यांसाठी ते शासन म्हणजे राज्य शासन, आणि त्याने केलेले नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. चाकण, तळोजा किंवा अंबड येथील पाळीवर जाणाऱ्या कामगाराला आपल्या आमदाराकडून जाणून घ्यायचे असेल, तर ते एवढेच, की ते नियम सभागृहापुढे आले तेव्हा साहेबांनी ते वाचले होते का.