फुकटच्या खेळातले बिनपगारी परीक्षक

‘स्पेस स्टेशन १३’ हा ऑनलाइन खेळ आजच्या मानाने ओबडधोबड दिसतो. २००३च्या सुमाराला तो जन्मला. वरून पाहिल्यासारखे दिसणारे अंतराळस्थानक, ठिपक्याठिपक्यांची चित्रे आणि त्यात कप्तान, अभियंता, डॉक्टर, सफाई कामगार, विदूषक अशी सोंगे घेऊन एकाच वेळी वावरणारी डझनावारी माणसे, एवढाच त्याचा थाट. पडद्यामागे मात्र स्थानकातली हवा, वायूंचा दाब, वीज, रसायने, माणसांच्या जखमा या सगळ्यांचा हिशेब अखंड चालू असतो. एवढा गुंता म्हटल्यावर बग, म्हणजे कोडमधल्या चुका, आल्याच. समजा, एखाद्या बंद खोलीतली हवा कारण नसताना निघून गेली, तर तासभर रंगत आणलेली फेरी त्या खोलीतल्यांपुरती तिथेच संपते. मग ठरलेले भांडण सुरू होते. खेळाडू म्हणतात, चालू खेळाची वाट लावलीत. डेव्हलपर म्हणतात, खेळ फुकट आहे, कोड खुला आहे, जमत असेल तर तुम्ही दुरुस्त करा. या भांडणात दोन्ही बाजू दुकानाची भाषा बोलतात, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. एक बाजू गिऱ्हाइकाच्या हक्काने आवाज चढवते. दुसरी म्हणते, पैसे दिले नाहीत म्हणजे गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणजे तक्रारही नाही. खरे तर इथे दुकान नाहीच. दोन्हीकडे बिनपगारी श्रम आहेत, आणि त्यांची देणी वेगळ्या हिशेबाने मोजावी लागतात.

खेळाडूंची तक्रार निव्वळ कुरकुर नाही, याचा पुरावा डेव्हलपरांच्याच कारभारात सापडतो. या खेळाच्या कोडवरून वेगवेगळ्या गटांनी काढलेल्या शाखांपैकी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्यांतली एक म्हणजे ‘टीजी स्टेशन’. तिथे काही वर्षे गुणांची पद्धत होती. बग दुरुस्त केला की गुण मिळत, नवी सोय जोडली की गुण कापले जात, आणि खाते फार तुटीत गेले की आधी दुरुस्त्या करून ते भरून काढावे लागे. असा नियम कोणी हौसेने करत नाही. फावल्या वेळात काम करणाऱ्याला नवे काहीतरी घडवायचे असते. दुसऱ्याने तीन वर्षांपूर्वी लिहिलेल्या कोडमधली गळती शोधत बसायला कोणाला आवडेल? पगार नसला की कंटाळवाणे काम मागे पडते, ही गोष्ट त्या मंडळींनी स्वतःच ओळखली होती. याच शाखेत आणखी एक प्रथा आहे: मुख्य कोडमध्ये अजून न घेतलेला बदल काही दिवस थेट चालू सर्व्हरवर लावून पाहायचा. सध्या असे कोणते बदल लावले आहेत, याची यादी खेळातूनच पाहता येते, हे प्रामाणिकपणाचे आहे. पण याचा अर्थ असा की, सोंग घेऊन खेळायला बसलेला माणूस त्याच वेळी कोडची चाचणीही करत असतो, आणि तीही स्वतःची संध्याकाळ खर्चून.

म्हणून ‘फुकट आहे, मग बोलू नका’ हे उत्तर मला पटत नाही. एकट्याने खेळायच्या खेळात ते कदाचित चालले असते. भूमिका घेऊन खेळायच्या खेळात मात्र खेळाडू हाच कच्चा माल असतो. विदूषकाने केळीची साल टाकली आणि तिच्यावरून घसरायला कोणी आलेच नाही, तर डेव्हलपरने लिहिलेल्या ओळी नुसत्या पडून राहतील. ‘कोड खुला आहे, स्वतः दुरुस्त करा’ हे उत्तरही अर्धेच खरे. हा खेळ ‘बायॉन्ड’ या जुन्या मंचावर चालतो, आणि त्याची प्रोग्रॅमिंग भाषा त्या मंचाबाहेर जवळजवळ कुठेच उपयोगी पडत नाही. खेळात डॉक्टर झालेल्याने त्यासाठी ती भाषा शिकून यावे, ही अपेक्षा म्हणजे दार लावून घेण्याची सभ्य रीत आहे.

पण याच मंचामुळे डेव्हलपरांचीही अडचण होते. ‘बायॉन्ड’चा स्वतःचा कोड बंद आहे. काही बग मुळातच त्या तळात असतात; वर काम करणारा स्वयंसेवक फार तर त्यांना वळसा घालू शकतो. शिवाय पैसे आणि पगारी माणसे असली की सगळे झटपट सुटते, हाही भ्रमच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात सप्टेंबर २००५मध्ये एका राक्षसाशी लढतानाच लागणारी रोगबाधा चुकीने लढाईच्या जागेबाहेर पडली आणि शहरेच्या शहरे ओस पडली. तो खेळ चालवणाऱ्या ब्लिझार्डसारख्या बलाढ्य कंपनीने विलगीकरण करून पाहिले, ते फसले, आणि शेवटी सर्व्हर नव्याने सुरू करून दुरुस्ती लावावी लागली. बग काढला तरी भांडण मिटतेच असे नाही, हेही खरे. एखादी चूक वर्षभर राहिली की खेळाडू तिच्याभोवती डावपेच बांधतात, आणि दुरुस्ती झाल्यावर आपले काहीतरी हिरावून घेतल्यासारखे ओरडतात.

मग खेळाडूचे देणे काय? नीट लिहिलेली तक्रार. ‘पुट्टी’ हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सायमन टॅथम यांनी १९९९मध्ये बग कसा कळवावा यावर एक निबंध लिहिला. त्यातला साधा सल्ला आजही लागू पडतो: काय केले, काय घडायला हवे होते आणि काय घडले, हे सांगा, बिघाडाचे कारण काय असावे याचे निदान त्याच्या जागी ठेवू नका. ‘चालत नाही’ एवढ्या दोन शब्दांवर कोणी काही दुरुस्त करू शकत नाही. आणि शिव्यांची किंमत तर सगळ्यांनाच मोजावी लागते. ‘एक्सझेड’ हे छोटेसे सॉफ्टवेअर असंख्य लिनक्स संगणकांवर असते. २०२२मध्ये ते एकहाती सांभाळणाऱ्या स्वयंसेवकावर काही ऑनलाइन खात्यांनी दिरंगाईवरून जाहीर दबाव आणला. हे बिनपगारी काम आहे आणि मनाची अवस्थाही बरी नाही, असे त्याने सांगून पाहिले. अखेर मदतीला पुढे आलेल्या एका अनोळखी व्यक्तीच्या हाती अधिकार गेले, आणि त्याच व्यक्तीने त्यात घातलेले चोरदार मार्च २०२४मध्ये उघडकीला आले. दबाव आणणारी खाती बनावट असावीत, असा अनेक जाणकारांचा कयास आहे. स्वयंसेवकाला टोचून टोचून थकवता येते, हे हल्लेखोरांना पुरते ठाऊक होते. वर्गणीची पावती फाडली म्हणून मांडवातल्या कार्यकर्त्याला घरगड्यासारखे राबवणारे आपल्याकडेही असतात. फरक इतकाच की तिथे कार्यकर्ता समोर उभा असतो, चार शब्द सुनावू शकतो.

यावर कोणी म्हणेल, अशी देणीघेणी ठरवली की हौस मरते आणि स्वयंसेवक निघून जातात. धोका खरा आहे. पण मी दुरुस्तीची मुदत मागत नाही. मागणे आहे ते उत्तराचे: हा बग आम्हाला माहीत आहे, हा आमच्या हातात नाही, हा मुद्दाम ठेवला आहे, हा कोणी करायला तयार नाही म्हणून पडून आहे. यातले कुठलेही उत्तर चालेल, गप्प राहणे चालणार नाही. आणि ज्याने नवी सोय जोडली, त्याने निदान पहिले काही आठवडे तिच्यातले बग स्वतः पाहावेत. आज असे भांडण विकोपाला गेले की एक गट कोडची प्रत घेऊन वेगळा सर्व्हर उभारतो. परवान्याने ती मोकळीक दिलेलीच आहे, आणि या खेळाच्या इतक्या शाखा झाल्या त्यात या मोकळिकीचा वाटा मोठा आहे. मात्र प्रतीबरोबर जुने बगही नव्या घरी येतात, आणि ते काढायला तिथे पहिल्यापेक्षा कमी माणसे असतात.